संत चोखामेळा : चरित्र आणि संदर्भ शोधण्याचा एक धडा

मंगळवेढा म्हटलं की तुम्हाला तिथली ज्वारी, दामाजीपंत आणि कान्होपात्रा आठवतात. आज आपण याच गावात राहिलेल्या संत चोखामेळा यांचं चरित्र पाहू. त्यांच्यावर प्रकल्प करायचा असेल तर अभ्यासकांचे लेख कसे शोधायचे, तेही सोबतच शिकू.

चोखोबा चौदाव्या शतकातले, संत नामदेवांच्या काळातले. जन्म विदर्भातल्या मेहुणाराजा इथला, असं मानलं जातं. जातीने महार असल्यामुळे गावाबाहेर राहणं, मेलेली गुरं ओढणं, गावकूस दुरुस्त करणं ही कामं त्यांच्या वाट्याला आली. विठ्ठलाच्या ओढीने ते पंढरपूरला जात, पण देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती. नामदेवांना त्यांनी गुरू मानलं. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका, या सगळ्यांनीच अभंग रचले. परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्ट यांनी लिहून घेतले. आज त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत.

1338 साली मंगळवेढ्यात कुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गाडले गेले. आख्यायिका अशी की, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी वेचून पंढरपूरला नेली. महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी दाराबाहेर, मेल्यावरही दाराबाहेरच! ते दार दलितांसाठी उघडायला साने गुरुजींचं 1947 सालचं उपोषण व्हावं लागलं.

आता शोधाकडे वळू. अमुक लेखात कोणकोणत्या जुन्या लेखांचा आधार घेतलाय, याची नोंद ठेवणाऱ्या यादीला संदर्भ-डेटाबेस म्हणतात. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी 1964 साली विज्ञानाच्या लेखांसाठी अशी मोठी सूची सुरू केली. आज गूगल स्कॉलर हे काम फुकट करतं.

तिथे एकदाच नाव टाकून थांबू नका. इंग्रजीत कोणी 'चो'ची सुरुवात सी-एच अशी करतं, तर कोणी नुसत्या सी अक्षराने. कोणी चोखा आणि मेळा वेगळे लिहितं. म्हणून प्रत्येक स्पेलिंग टाकून बघा, मग देवनागरीत चोखामेळा आणि चोखोबा हेही टाका. फ्रेंच अभ्यासक शार्लोट वोदवील यांचा 1977 सालचा लेख सी अक्षराखाली येतो, तर अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट यांचा चोखामेळा आणि एकनाथ यांच्यावरचा 1980 सालचा लेख सी-एच खाली. एकच स्पेलिंग वापरलं तर दोघांपैकी एक हातचा जाऊ शकतो.

चांगला लेख सापडला की दोन्ही बाजूंना चाला. त्याच्या शेवटची यादी वाचा, म्हणजे आधीचं लेखन कळेल. त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते लेखाखालच्या दुव्यावर टिचकी मारून पाहा, म्हणजे नंतरचं कळेल. सोयराबाई, निर्मळा, बंका ही नावंही शोधा. सोयराबाई अनेक अभंगांत स्वतःचं नाव न घालता चोख्याची बायको एवढीच ओळख देतात, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा मजकूर बऱ्याचदा चोखोबांच्या लेखात दडलेला असतो. मराठी प्रबंधांसाठी शोधगंगा उघडा.

आणि एक लक्षात ठेवा. लेखापुढे दिसणारा आकडा म्हणजे लेखाची किंमत नव्हे. मराठी मासिकांतलं आणि जुन्या पुस्तकांतलं पुष्कळ लेखन या याद्यांत आलेलंच नाही. पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून ते नाहीच, असं समजू नका. गावच्या वाचनालयातही जा. ज्या माणसाला आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं, तो आपल्या अर्धवट शोधामुळे पुन्हा बाहेर राहू नये, एवढी काळजी तर आपण घेऊ शकतो ना?

स्वाध्याय : चोखामेळा हे नाव किमान चार प्रकारे लिहून शोधा आणि प्रत्येक वेळी कोणता नवा लेख मिळाला ते वहीत नोंदवा.