कवळाण्याचा गोपाळ आणि गावोगावची पुस्तके



यंदा स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ, रुग्णालय आणि बाग आपण रोज ओलांडून जातो, ते श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे). आमच्या मुलांना काळा घोडा हा रिक्षा थांबवण्याचा पत्ता म्हणून ठाऊक आहे, पण घोड्यावर बसले आहेत ते कोण, हे त्यांना सांगायला हवे. माझे आजोळ मालेगाव तालुक्यातले आणि महाराजांचे जन्मगाव कवळाणे त्याच तालुक्यात. त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणी आजोळी ऐकली आणि 1986 साली नोकरीसाठी येथे आल्यावर तिचा दुसरा अर्धा भाग डोळ्यांनी पाहिला.

11 मार्च 1863 रोजी कवळाण्याच्या एका साध्या शेतकरी गायकवाड घरात गोपाळचा जन्म झाला. बडोद्यात मल्हारराव महाराजांना 1875 साली पदच्युत करण्यात आले. कै. खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी वारसासाठी घराण्यातल्या मुलांचा शोध घेतला आणि त्यात गोपाळची निवड झाली. कशासाठी आलास असे विचारल्यावर या मुलाने राज्य करायला आलो असे बेधडक सांगितले, अशी आख्यायिका आमच्याकडे अजून सांगतात. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

तेव्हा वय बारा आणि शिक्षण जवळजवळ नाहीच. राजवाड्यात आल्यावर अक्षरओळखीपासून सुरुवात झाली. गुरू म्हणून इलियट साहेब लाभले, तर कारभाराचे धडे दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून मिळाले. हे माधवराव तंजावरकडचे मराठी, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मंडळींपैकी. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्या मुलाने कष्टाने आत्मसात केल्या. 28 डिसेंबर 1881 रोजी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

अक्षर उशिरा भेटलेल्या माणसाला त्याचे मोल जास्त कळते, असे मला महाराजांच्या सगळ्या कारभाराकडे पाहून वाटते. 1893 साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 साली तो मुलामुलींसाठी संपूर्ण संस्थानात लागू झाला. ब्रिटिश मुलखात तेव्हा असा कायदा नव्हता. त्याआधीच अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी दरबारी खर्चाने शाळा निघाल्या होत्या.

पण शाळा सुटल्यावर पुढे काय? शेतकऱ्याचा मुलगा चार इयत्ता शिकतो, घरी परततो, हाती पुस्तक नसते, आणि चार वर्षांत शिकलेले विसरतो. ही गळती थांबवायची तर पुस्तकच त्याच्या गावी गेले पाहिजे. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी सर्वांना खुली असलेली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. 1910 साली त्यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. राजवाड्यातील स्वतःचा सुमारे 20,000 ग्रंथांचा संग्रह त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. राजाची खासगी पुस्तके रयतेची झाली.

बॉर्डन 1913 पर्यंत येथे होते. तेवढ्या काळात संस्थानचे स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे राहिले, 1911 साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी व्यवस्था झाली. गावच्या ग्रंथालयाची योजना तर आजही विचार करावा अशी आहे. एक वाटा गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही म्हणून गावाचा वाटा, आणि गरीब गावाला एकट्याने झेपणार नाही म्हणून बाकीचे दोन. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात, आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोसत असे. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी याच खात्यातर्फे गावोगाव चित्रे आणि पुढे सिनेमा दाखवला जाई. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या ध्येयवेड्या गुजराती कार्यकर्त्याने ही चळवळ खेड्यापाड्यांत रुजवली. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय, त्यातल्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरशीचे मजले अवश्य पाहावेत.

हीच दृष्टी बागेतही दिसते. विश्वामित्रीच्या काठचा सयाजीबाग, म्हणजे आपला कमाटीबाग, 1879 साली उभा राहिला. पुढे त्यात संग्रहालय आले. झाडे, फुले, प्राणी, मूर्ती, चित्रे, सारे सर्वांसाठी. ही बाग म्हणजे उघड्यावरची शाळाच आहे, असे मला नेहमी वाटते.

पण या बागेची दुसरीही एक आठवण आहे आणि ती टाळून महाराजांचे चरित्र पूर्ण होत नाही. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे 1917 साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते जात लपवून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि मित्रांची दारेही उघडली नाहीत. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कमाटीबागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

राजाने विद्वान घडवला, पण त्याला एक खोली राजाच्या शहराने दिली नाही. हुकूम निघतो, मन बदलायला पिढ्या लागतात. महाराजांच्या थोरवीची आणि त्यांच्या सत्तेच्या मर्यादेची अशी एकत्र साक्ष देणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही. त्या दिवशी बाबासाहेबांना बसू देणारी जागा सार्वजनिक बाग हीच होती, हे मात्र विसरता येत नाही.

महाराजांचे घरगुती आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या पत्नी, तंजावरच्या चिमणाबाई, 1885 साली वारल्या. थोरले पुत्र फत्तेसिंहराव 1908 साली गेले, आणखी दोन पुत्रांचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले. तरी काम थांबले नाही. 1908 साली बँक ऑफ बडोदा निघाली, 1915 पासून प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, मराठी-गुजराती ग्रंथमालांना आश्रय मिळाला. कवळाण्याचा हा निरक्षर मुलगा 1932 साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्याविषयी. मराठी घरातले एखादे ज्येष्ठ गेले की त्यांची पुस्तके रद्दीत जातात. परदेशी गेलेल्या मुलांना ती नेता येत नाहीत आणि नातवंडांना वाचता येत नाहीत. गेली तीन वर्षे आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी रविवारी सकाळी वसाहतीच्या बागेत कडुनिंबाखाली सतरंजी अंथरून पुस्तके मांडतो. वर्गणी नाही, अनामत नाही. आवडले तर घरी न्यावे, वाचून झाले की आणून ठेवावे. काही परत येत नाहीत, त्याचा हिशेब आम्ही ठेवत नाही. मराठीबरोबर गुजराती आणि हिंदी पुस्तकेही असतात. वसाहतीचे रखवालदार आणि घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलेही येऊन बसतात. त्यांना कोणी उठवत नाही आणि उठवणारही नाही, एवढा एकच आमचा नियम.

पावसाळ्यात सतरंजी अंथरता येत नाही, आणि आमच्यातल्या दोघांचे गुडघे आता साथ देत नाहीत. पुढच्या वर्षी हे चालू राहील की नाही, हे तरुण मंडळींवर आहे. तेव्हा विनंती एवढीच, की या उत्सवात मखराइतकाच विचार एका झाकणाच्या कपाटाचाही व्हावा. एक वाटा आम्ही निवृत्तांनी घालू, एक मंडळाने, एक वसाहतीने. ही पद्धत आपल्या शहरात शंभर वर्षांपूर्वीच ठरलेली आहे.

गणपती बाप्पा मोरया!