एडगर बकिंगहॅम : ओल्या-सुक्या मातीचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

पावसाचे पाणी भूजलापर्यंत किती सहज झिरपेल? या अंदाजाचा पाया एडगर बकिंगहॅम यांनी घातला. १८६७ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९०२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. हेन्री दार्सी यांचा १८५६ चा नियम पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूचा होता. भूजलाच्या वरच्या मातीत मात्र हवाही असते. माती सुकताना मोठ्या पोकळ्या आधी रिकाम्या होतात, पाण्याची वाट अरुंद होते. म्हणून मातीची वहनक्षमता ओलाव्यानुसार बदलते, हे बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये मांडले. तोवर त्यांनी मातीचे संशोधन सोडलेही होते. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याच विचारावर लोरेंझो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये रचलेले समीकरण आजही सिंचन आणि भूजल पुनर्भरणाचा अंदाज बांधताना वापरले जाते.