वचनपितामह फ. गु. हळकट्टी : मागे काय ठेवले?

साठी उलटलेली मंडळी मठात दर्शनाला येतात तेव्हा एक प्रश्न वारंवार कानी पडतो. मृत्युपत्र करावे की न करावे? शेत थोरल्याच्या नावे लावावे, घर धाकट्याला द्यावे, मुलीला काय द्यावे? गुडघे धरलेले असतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असतो आणि मन सातबाऱ्याच्या उताऱ्यात अडकलेले असते. प्रश्न गैर नाही. गृहस्थाने आपला व्यवहार वेळेवर नीट करून ठेवावा. भावाभावांचे तंटे त्याने वाचतात. पण याच मंडळींना सहज विचारून पाहावे, की आपल्या पणजोबांचे नाव काय? बहुतेक जण अडखळतात. पणजीचे नाव तर शंभरात एखाद्यालाच ठाऊक असते. ज्यांच्या जमिनीवर आपण उभे आहोत त्यांची ही गत!

म्हणून या अंकात एखाद्या वचनाचा अर्थ न सांगता, ती वचने तुमच्या हाती ज्याच्यामुळे पडली त्या माणसाचे आयुष्य सांगायचे योजिले आहे.

प्रथम त्याचे गाव पाहू. विजयपूर, म्हणजे आपले जुने विजापूर, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या गावात मृत्यूनंतरही आपले नाव राहावे म्हणून राजांनी केलेला खटाटोप दगडात उभा आहे. महंमद आदिलशहाने हयातीतच स्वतःच्या कबरीवर गोल घुमट बांधायला घेतला. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट. आत शब्द उच्चारला की पुन्हा पुन्हा घुमतो. १६५६ साली सुलतान वारला आणि तेथेच निजला. त्याचा पुत्र दुसरा अली आदिलशहा याने स्वतःसाठी त्याहून भव्य वास्तू योजिली होती असे सांगतात. १६७२ साली तो गेला, काम थांबले. आज तेथे छप्पर नसलेल्या कमानी तेवढ्या उभ्या आहेत. लोक त्यांना बारा कमान म्हणतात. पितापुत्रांचे हे दोन मनोरथ एकाच दिवसात पाहून होतात.

त्याच गावात फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी या वकिलाने आपले आयुष्य घालविले. जन्म धारवाडचा, २ जुलै १८८०. वडील शिक्षक आणि लेखक. आई लहानपणीच गेली, आजीने वाढविले. शाळा धारवाडला झाली, पुढचे शिक्षण मुंबईस. १९०४ च्या सुमारास वकिलीची परीक्षा देऊन ते बेळगावास आणि तेथून लवकरच विजापुरास आले. मुंबईच्या दिवसांत मराठी आणि गुजराती मंडळी आपापल्या भाषेसाठी कशी झटतात हे त्यांनी पाहिले, आणि आपली कन्नड मागे का, हा विचार त्यांच्या मनाने तेथेच घेतला. आपल्या मराठीच्या उदाहरणाने शेजारच्या भाषेला असे बळ मिळाले ही गोष्ट आपणांस सुखावणारी आहे. सीमेवरच्या भांडणांत ती कोणी सांगत नाही, एवढेच.

वकिली चांगली चालली होती. गावासाठी त्यांनी पुष्कळ केले. १९१० साली शिक्षणसंस्था काढली, बी. एल. डी. ई. या नावाने ती आजही नांदते आहे. १९१२ साली सिद्धेश्वर सहकारी बँक सुरू झाली, तिच्या मागेही तेच. मुंबई कायदेमंडळातही ते बसले. एवढ्यावर थांबले असते तरी एक सज्जन पुढारी म्हणून चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला असता.

पण रबकवी-बनहट्टीकडच्या एका घरात त्यांनी ताडपत्रांची जुडगी पाहिली, आणि तेथून सगळे फिरले.

या ताडपत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तरुण वाचकांनी ती पाहिलेली नसतात. ताडाचे पान शिजवून, वाळवून, घोटून त्यावर लोखंडी टोकाने अक्षरे कोरायची. मग काजळी चोळायची म्हणजे अक्षर काळे उठते. भोक पाडून दोरी ओवायची, वर-खाली लाकडी फळी लावून बांधायचे. पान काही शतके टिकते, पण कायमचे नव्हे. कसर लागते, कडा झडतात. म्हणून दर काही पिढ्यांनी कोणीतरी बसून ते नव्या पानावर उतरवून घ्यावे लागते. बाराव्या शतकात कल्याणला उत्पात झाला, शरण उळवीकडे, श्रीशैलाकडे पांगले. त्यानंतरची सातशे वर्षे ही वचने अशीच हातोहात आली. ज्याने उतरवून घेतले त्याचे नाव क्वचितच कोठे आढळते. मध्ये एक पिढी आळसावली असती तर साखळी तेथेच तुटली असती.

आणि एकोणिसाव्या शतकात ती तुटायला आलीच होती. घरोघरी पोथ्या होत्या. देव्हाऱ्यात ठेवून त्यांना हळदकुंकू लावले जाई, दसऱ्याला पूजा होई. वाचत कोणी नसे. ज्यांना जुने अक्षर लागत नसे ते जीर्ण झालेली पोथी श्रद्धापूर्वक नदीत सोडून देत. श्रद्धेने बुडविलेली ही संपत्ती किती असेल याचा हिशेब कोण देणार? ज्या शब्दांनी अंधश्रद्धेवर घाव घातला ते शब्दच पूजेची वस्तू होऊन बसले होते.

हळकट्टी गावोगाव हिंडू लागले. कोठे पोथी मिळे, कोठे घराबाहेर घालीत नसत. कोर्टाचे काम आटोपून रात्री ते नकला करीत, पाठ ताडून पाहत. पूर्वी सुमारे पन्नास वचनकारांची नावे लोकांना ठाऊक होती. त्यांच्या शोधाने ती संख्या अडीचशेच्या घरात गेली. त्यांत सुतार होते, चांभार होते, नावाडी होते, दोर वळणारे होते, स्त्रिया होत्या. ज्यांनी ना जमीन ठेवली ना घर, त्यांचे शब्द एक वकील गोळा करीत होता.

‘वचनशास्त्रसार’ सिद्ध झाले तेव्हा त्यांनी ते मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्याकडे धाडले. हस्तलिखित न छापताच परत आले. शेवटी बेळगावच्या महावीर छापखान्यात ते छापून घेतले. पहिला भाग १९२३ साली निघाला. ग्रंथकर्त्याचे वय तेव्हा ४३. दुसऱ्याच्या दारात असे किती दिवस उभे राहायचे, म्हणून १९२५ साली त्यांनी स्वतःचा हितचिंतक छापखाना काढला. पैसा कोठून आणला? राहते घर विकले.

वाचकहो, येथे थोडे थांबूया. मठात मृत्युपत्राचा सल्ला विचारणाऱ्या गृहस्थाला हे सांगितले तर तो काय म्हणेल? म्हणेल, स्वामीजी, स्वतःचा त्याग करावा, मुलाबाळांच्या डोक्यावरचे छप्पर विकण्याचा अधिकार कोणी दिला? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. दासोह हा आपला आचार आहे खरा. पण भाड्याच्या घरात संसार चालविणारी पत्नी आणि वडिलांचा पैसा कागदात जाताना पाहणारी मुले यांनीही तो दासोह केला, इच्छेने असो वा नसो. आपण मात्र सगळे श्रेय एकट्याच्या नावे लिहून मोकळे होतो. हे मला पटत नाही. हळकट्टींच्या तसबिरीला हार घालताना त्या घरातल्या माणसांनाही हात जोडावेत.

१९२६ साली ‘शिवानुभव’ हे नियतकालिक त्यांनी सुरू केले, पुढच्या वर्षी ‘नवकर्नाटक’ साप्ताहिक. १९२६ सालीच बळ्ळारीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. सन्मान मिळत होते, वर्गणी मिळत नव्हती. लेखन, संपादन, मुद्रिते तपासणे, सारे तेच पाहत. ठिगळ लावलेला कोट घालून ते वावरत असत. बी. एम. श्रीकंठय्या हे मोठे कन्नड पंडित विजापुरास आले असता लोकांनी गोल घुमट दाखविण्याची तयारी केली; त्यांनी मात्र आधी वचनांचा घुमट, म्हणजे हळकट्टी, पाहायचा आहे असे सांगितल्याची कथा तिकडे आजही ऐकू येते.

म्हातारपण आले. आपण साठीला कामातून मोकळे होतो आणि मग दिवस कसा घालवावा या चिंतेत पडतो. हळकट्टी साठीत, सत्तरीत ‘शिवानुभवा’चा पुढचा अंक जुळवीत होते. १९५६ साली कर्नाटक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, तेव्हा वय ७६. नियतकालिक १९६१ पर्यंत चालले, पस्तीस वर्षे. ते थांबले तेव्हा संपादकाने ऐंशी ओलांडली होती. शरीर किती काळ साथ देणार?

त्यांचे संपादन निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. मिळाल्या तेवढ्या पोथ्यांवर त्यांनी काम केले. पुढच्या विद्वानांनी अधिक पोथ्या पाहिल्या, पाठ सुधारले, कोणते वचन कोणाचे हे पुन्हा तपासले. १९९३ साली कर्नाटक सरकारने समग्र वचन संपुटाचे १५ खंड काढले, एम. एम. कलबुर्गी त्याचे प्रधान संपादक. वचनांची संख्या वीस हजारांवर गेली. पुढे बेंगळुरूच्या बसव समितीने निवडक वचने अनेक भारतीय भाषांत आणली, त्यांत मराठीही आहे. या ग्रंथांत हळकट्टींच्या चुका दुरुस्त झाल्या आहेत. दुरुस्त करायला काही उरले होते, ते त्यांच्यामुळे.

आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांत, माळ्यावर, देव्हाऱ्याखाली अजूनही अशी जुडगी निघतात. तुमच्या घरी असतील तर तेल-हळद लावू नका, पाण्यात सोडू नका. कोरड्या सुती फडक्यात बांधा आणि जुने अक्षर लागणाऱ्या जाणत्याला दाखवा. तो तुमची पोथी नेणार नाही, छायाचित्रे घेईल.

२९ जून १९६४ रोजी विजापुरात हळकट्टी लिंगैक्य झाले. आणखी तीन दिवसांनी त्यांना ८४ वर्षे पूर्ण झाली असती. घर विकले त्याला तेव्हा ३९ वर्षे झाली होती. त्यानंतर स्वतःचे घर त्यांनी केले नाही. त्यांनी काढलेल्या संस्थेने पुढे विजापुरात त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले.