पुरजळचा पोरगा ते हैदराबादचा न्यायमूर्ती : केशवराव कोरटकर

हिंगोली : पुरजळचं नाव निघालं की आज पाणीपुरवठा योजनाच आठवते. पण औंढा नागनाथ तालुक्यातल्या याच गावात 1867 मध्ये केशवराव कोरटकर यांचा जन्म झाला. तेव्हा पुरजळ वसमत तालुक्यात होतं, जिल्हा परभणी आणि राज्य निजामाचं. या खेड्यातून निघालेला माणूस पुढे थेट हैदराबादच्या हायकोर्टात न्यायमूर्ती म्हणून बसला.

तो काळ आजच्यासारखा नव्हता. मराठवाड्यातल्या घराघरात बोली मराठी, पण सरकारदरबारी आधी फारसी आणि नंतर उर्दू. कोर्टाचा कागद आला की तो वाचायलाही दुसऱ्याकडे जावं लागे. अशा राज्यात वकील होणं म्हणजे नुसता कायदा शिकणं नव्हे, तर दरबारची भाषाही पचवणं. केशवरावांनी ते केलं. आधी गुलबर्ग्याला वकिली केली, नंतर हैदराबाद गाठलं. तिथे त्यांचं नाव नामांकित वकिलांत घेतलं जाऊ लागलं.

पैसा आणि मान मिळाला तरी ते कोर्ट-कचेरीपुरते राहिले नाहीत. हैदराबादच्या सुलतान बाजार भागातल्या आर्य समाजाचे ते अध्यक्ष झाले. बालविवाह बंद व्हावेत, मुलींनी शिकावं, जातीभेद कमी व्हावा, ही कामं त्यांनी हाती घेतली. स्वतःच्या मुलाला, विनायकरावांना, त्यांनी शिकायला दूर हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत पाठवलं.

त्यांचं सर्वात मोठं काम म्हणजे शाळा. 1907 मध्ये वामनराव नाईक आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा उभी केली. निजामाच्या राजधानीत मराठी मुलांना हक्काची जागा मिळाली. राजकारणावर तेव्हा कडक पहारा होता. पुढे तर सभा घ्यायची म्हटली तरी सरकारची परवानगी लागू लागली. संस्थानची राजकीय परिषद संस्थानात भरवता येईना, म्हणून ती 1923 मध्ये काकीनाड्याला, 1926 मध्ये मुंबईला आणि 1928 मध्ये पुण्याला भरवावी लागली. अशा वेळी शाळा, वाचनालय आणि समाजसुधारणा हीच लोक जागे करण्याची वाट उरली होती. केशवरावांच्या पिढीने तीच धरली.

ही वाट सरळ नव्हती. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्याच सभागृहात सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. तिथे एक तेलुगू वकील आपल्या भाषेत बोलायला उभे राहिले, तर श्रोत्यांनी हुर्यो उडवून त्यांना बसवलं. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री एकत्र येऊन आंध्र जनसंघ स्थापन केला. आपल्या भाषेची उपेक्षा सोसणाऱ्या माणसांनीच दुसऱ्याच्या भाषेला हसावं, ही सल त्या सभेने मागे ठेवली. पण त्यातूनच तेलुगू भागातली मोठी चळवळ उभी राहिली. पुढे मराठी भागात महाराष्ट्र परिषदही झाली.

वकिलीत नाव कमावलेल्या केशवरावांना निजाम सरकारने हायकोर्टाचे न्यायमूर्ती केलं. एकीकडे सरकारी खुर्ची, दुसरीकडे लोकांची शाळा, अशी दुहेरी कसरत होती. खुर्ची मिळाली म्हणून लोकांच्या कामाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही.

1932 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर सहा वर्षांनी, 1938 मध्ये, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह पेटला. 1939 च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात बॅरिस्टर झालेले विनायकराव विद्यालंकार उतरले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद मुक्त झालं. विनायकराव पुढे राज्याचे मंत्री झाले आणि 1957 मध्ये हैदराबादहून लोकसभेवर निवडून गेले. यातलं काहीच केशवरावांना पाहायला मिळालं नाही.

हैदराबादच्या नारायणगुडा भागात 1940 पासून त्यांच्या नावाने केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था चालते. तेलंगणातली हजारो पोरं रोज त्या नावाच्या फाटकातून आत जातात. दर 17 सप्टेंबरला आपल्याकडे झेंडा चढतो, तेव्हा त्या दिवसाची पायाभरणी करणाऱ्यांत पुरजळचा हा माणूसही होता, एवढं तरी गावागावातल्या शाळेत सांगितलं जायला हवं.