मूठभर भिक्षा

जालना जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. हाच पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला. सूर्याजीपंत गावचे कुलकर्णी होते. नारायण लहान असतानाच त्यांचे छत्र हरपले. एकदा आईला तो अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला आढळला. काय करतोस, असे विचारताच आपण जगाची चिंता करीत आहोत, असे त्याने सांगितले, अशी आख्यायिका आहे.

बाराव्या वर्षी विवाहमंडपातून निघून तो नाशिकजवळील टाकळी येथे गेला. तेथे बारा वर्षे उपासना करून रामदास देशाटनास निघाले. १६३० साली पडलेल्या भीषण दुष्काळाने दख्खनेत गावेच्या गावे ओस पडली होती. त्यातच परस्परांशी लढणाऱ्या फौजा मुलूख लुटीत असत. रयतेने दाद मागावी, असे कोणी उरले नव्हते. लोकांची ही दैना समर्थांनी पाहिली व आपल्या काव्यात वर्णिली.

१६४४ च्या सुमारास ते कृष्णातीरी आले. १६४८ मध्ये त्यांनी चाफळ येथे राममंदिर उभारले व ठिकठिकाणी मठ स्थापन केले. भिक्षा हे केवळ उदरभरणाचे साधन नव्हे, असे त्यांनी ‘दासबोध’ ग्रंथात सांगितले. दारोदार फिरल्याने लोकांची स्थिती व मने कळतात. मात्र कोणी पुष्कळ धान्य पुढे केले, तरी त्यातून मूठभरच घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. जो गरजेपुरतेच घेतो, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

शिवाजी महाराजांनी १६७८ मध्ये चाफळच्या देवस्थानास सनद देऊन इनामे दिली. १६८० मध्ये महाराज निवर्तले आणि कारभाऱ्यांत दुही माजली. तेव्हा वृद्ध समर्थांनी संभाजी महाराजांना पत्र लिहिले, असे परंपरा सांगते. मागील अपराध पोटात घालावेत, सेवकांना सुखी ठेवावे, बहुत लोकांना एका विचाराने बांधावे, असा त्यातील उपदेश आहे. भयाने माणसे वाकतात, पण विश्वासानेच ती राज्य आपले मानतात, हे त्याचे सार होय.

१६८२ मध्ये सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. जांबच्या अंधाऱ्या खोलीत सुरू झालेली लोकांची चिंता त्यांनी अखेरपर्यंत वाहिली.