मासे मोजणारा सरकारी डॉक्टर

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की कुरखेड्याजवळच्या सती नदीला गढूळ पाणी येते. मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. नाल्यांतून धानाच्या बांध्यांत शिरतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. हे चढणीचे मासे पकडायला सोपे, चवीला उत्तम. पण त्यांच्या पोटात पुढच्या वर्षाचे मासे असतात. ते किती धरावेत आणि किती सोडावेत, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी देशपातळीवर सरकारपुढे मांडला एका डॉक्टरने. त्यांचे नाव फ्रान्सिस डे.

डे यांचा जन्म 2 मार्च 1829 रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या मेअर्सफील्ड गावी झाला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि 1852 मध्ये ते मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. कोचीनला नेमणूक असताना रुग्णसेवेबरोबर त्यांनी तिथल्या माशांचा अभ्यास सुरू केला. कोळ्यांच्या जाळ्यात आणि बाजारात येणारे मासे ते तपासत, त्यांची स्थानिक नावे टिपून घेत. 1865 मध्ये मलबारच्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यानंतर त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते बंधाऱ्यांमुळे. सतीचे पाणी वैनगंगेला मिळते, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. या गोदावरीवर समुद्राजवळ धवळेश्वरमला सर आर्थर कॉटन यांनी मोठा बंधारा बांधला होता. त्यामुळे शेती पिकली. पण समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणाऱ्या हिलसासारख्या माशांची वाट अडली. अशा बंधाऱ्यांनी मासेमारीचे नुकसान होते, हे 1867 मध्ये खुद्द कॉटन यांनीच सरकारच्या नजरेस आणले. या नुकसानीच्या चौकशीचे काम डे यांच्याकडे आले आणि 1871 मध्ये ते मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले.

डे यांनी रोगनिदानासारखीच पद्धत वापरली. आधी माहिती, मग तपासणी, शेवटी उपाय. नद्या, बाजार, जाळी त्यांनी स्वतः पाहिली. शिवाय प्रांताप्रांतांतील अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना प्रश्न पाठवले. बाजारात मासे पुरतात का? जाळ्याचे सर्वांत लहान छिद्र केवढे? पिल्ले पकडली जातात का? पाण्यात विष घातले जाते का? लोकसंख्येपैकी मासे खाणारे किती? मध्य प्रांतातूनही उत्तरे गेली. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. गोड्या पाण्यातील माशांवरचा हा अहवाल 1873 मध्ये कलकत्त्याला छापला गेला.

त्यातून दिसलेले चित्र काळजीचे होते. मासे खाणारे पुष्कळ, पण बाजारात पुरवठा अपुरा. पावसाळ्यात धानाच्या शेतांतून नदीकडे परतणारी बोटभर पिल्ले बांबूच्या सापळ्यांत सरसकट अडकत. उन्हाळ्यात आटलेल्या डोहांत विषारी वनस्पती कुटून टाकत. त्यात लहानमोठा प्रत्येक मासा मरे. डे यांनी उपाय सुचवले: बारीक छिद्रांच्या जाळ्यांना मर्यादा, पिल्लांची विक्री बंद, विषावर बंदी आणि बंधाऱ्यात माशांना वर जायला वाट.

इथेच खरा पेच होता. अनेक अधिकाऱ्यांचा विरोध झाला. पावसाळ्यातली पिल्ले ही गरिबाची फुकटची भाजी. ती बंद केली तर त्याचा घासच जाईल, आणि शिपायांना त्याला छळायला नवे निमित्त मिळेल. हा आक्षेप खोटा नव्हता. डे यांचे म्हणणेही खोटे नव्हते. आज पिल्ले संपवली तर उद्या त्याच गरिबाचे ताट रिकामे राहणार होते. मासा जपायचा तो माणसाच्या पोटासाठी, हे या डॉक्टरचे सूत्र होते. त्यांच्या हयातीत मात्र देशभर लागू होणारा कायदा झाला नाही.

1875 ते 1878 या काळात त्यांचा भारतीय माशांवरचा सचित्र महाग्रंथ प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्येही काम सुरूच राहिले. 1889 मध्ये त्यांचे दोन खंड आले. त्यांत चौदाशेहून अधिक जातींचे वर्णन आहे. त्याच वर्षी 10 जुलै रोजी चेल्टनहॅम येथे जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, 1897 मध्ये, भारतीय मत्स्य कायदा झाला आणि सुरुंग व विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरला.

कायद्याला सव्वाशे वर्षे उलटली. रानातल्या विषारी सालीची जागा आता कुठे कुठे कीटकनाशकाने घेतली आहे. तो धोका माशांपुरता थांबत नाही. त्याच डोहाचे पाणी गुरे पितात, तेच मासे घरात शिजतात. काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी मुलांना आणि गरोदर मातांना प्रथिने व कॅल्शियम देते, आणि जंगलभागात एवढे स्वस्त पोषण दुसरे सहज मिळत नाही. म्हणून डोहात विष टाकू नये, मेलेले तरंगणारे मासे खाऊ नयेत, आणि पहिल्या पुरात अंड्यांनी भरलेली मादी जाळ्यात आली तर तिला परत पाण्यात सोडावे. पुढच्या मृगाला तिचीच पिल्ले सती नदीत चढणार आहेत.