डॉ. सलीम अली : नोंदवहीने घडवलेला शास्त्रज्ञ



अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राचं जर्नल म्हटलं की बहुतेक घरांत एकच चित्र दिसतं. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की वरच्या वर्गातल्या कुणाची तरी सही झालेली वही शोधली जाते आणि दोन रात्रींत सगळे प्रयोग उतरवून होतात. आकृत्या सुबक, अक्षर वळणदार, कव्हर नवं कोरं. पण कांद्याच्या पापुद्र्याची ती आकृती मुलाने सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली असते का? बऱ्याचदा नसते. वही भरलेली असते, पण ती पूर्ण आहे असं म्हणता येईल का?

पूर्ण वही म्हणजे काय, हे समजून घ्यायला एका माणसाचं चरित्र फार उपयोगी पडतं. या माणसाकडे विज्ञानाची रीतसर पदवी नव्हती, पण लहानपणापासून नोंदवही होती. ते म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात, त्यातला शेवटचा दिवस त्यांच्या जन्माचा. त्यांच्या गोष्टीचं एक टोक आपल्या खानदेशात, शहाद्याच्या रानात येऊन पोचतं.

चिमण्यांची नोंद

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या भावंडांना वाढवलं. मामांना शिकारीचा शौक होता. भाच्यालाही छर्ऱ्याची बंदूक मिळाली आणि चिमण्या टिपणं हा त्याचा खेळ झाला.

१९०६-०७ च्या सुमाराची, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपासची, त्यांची एक नोंद प्रसिद्ध आहे. भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंडी उबवत होती आणि नर बाहेरच्या खिळ्यावर राखण करत बसलेला असे. सलीमने तो नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच खिळ्यावर बसला. तोही टिपला, तर तिसरा आला. असे सात दिवसांत आठ नर त्याने मारले आणि हे सगळं लिहून ठेवलं.

आज आपण मुलांना पक्षी मारायला सांगणार नाही, सांगूही नये. पण ती नोंद जरा नीट बघा. मुलाने ती आपला नेम किती चांगला आहे हे दाखवायला लिहिली होती. तरी घरटं कुठे होतं, नर कुठे बसायचा, मादी काय करत होती, किती दिवसांत किती नर आले, हे सगळं त्यात आलं. म्हणूनच कित्येक वर्षांनी ती वाचताना तिच्यातून एक वेगळाच प्रश्न समोर आला: एक नर गेला की दुसरा इतक्या लवकर येतो कुठून? जोडी न मिळालेले नर आसपास वाट बघत असतात की काय? लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा नसलेला हा प्रश्न त्या वहीत शाबूत राहिला. नुसतं आज खूप चिमण्या मारल्या एवढंच लिहिलं असतं, तर काय उरलं असतं?

चिठ्ठी लावलेले पक्षी

पुढे एक दिवस अशीच एक चिमणी हाती आली, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. एवढ्यावर न थांबता त्यांनी संग्रहातले भुसा भरलेले पक्षी मुलाला दाखवले आणि वाचायला पुस्तकंही दिली.

अशा संग्रहात प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कुणी मिळवला, एवढं त्यावर लिहितात. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी म्हणजे नुसतीच पिसं. सलीम सोसायटीत पक्ष्यांची कातडी जतन करायला शिकला, तसा चिठ्ठी लिहायलाही शिकला.

पदवी नाही, पण सवय होती

त्यांचं शिक्षण सरळ रेषेत झालं नाही. १९१४ मध्ये ते घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथल्या जंगलांत धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच लक्ष जास्त! १९१७ मध्ये परत आल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी ओढ ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड व्याख्यात्याची नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात क्रमांक घातलेलं कडं अडकवून त्यांचा प्रवास कसा शोधतात, हेही तिथे पाहिलं. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! पस्तिशीकडे झुकलेला माणूस, हातात नोकरी नाही. मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

किहीमची सुगरण

बहिणाबाईंमुळे सुगरणीचा खोपा आपल्या खानदेशात प्रत्येक मुलाला माहीत असतो. किहीमच्या घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसलेल्या त्या पावसाळ्यात सलीम अली रोज त्या घरट्यांसमोर बसले. कोणतं घरटं कधी सुरू झालं, कितपत विणून झालं, मादी कधी आली, पसंत करून राहिली की निघून गेली, हे तारखेवार लिहीत गेले.

हळूहळू या नोंदींतून एक गोष्ट उलगडली. खोपा विणतो तो नर. तो अर्धवट झाला की माद्या येऊन पारख करतात. एखादीने पसंत केला की नर तो पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! असं एकाच हंगामात एकामागून एक चालतं. हे एका दिवसाच्या निरीक्षणात दिसणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी ज्या नोंदीला काही अर्थ वाटला नव्हता, ती विसाव्या दिवसाच्या नोंदीशेजारी ठेवल्यावर बोलू लागली. सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा हा निबंध छापून आला आणि अभ्यासकांत त्यांचं नाव झालं. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली ना महागडी उपकरणं.

यानंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी केली. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने करायचा, आपण मेहनताना घ्यायचा नाही, असा त्यांचा प्रस्ताव असे. हैदराबाद संस्थानात आजचा मराठवाडाही होता. तेहमिना या मुक्कामांत सोबत असत. १९३९ मध्ये त्या गेल्या. हा धक्का मोठा होता, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. १९५९ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. १९६८ ते १९७४ या काळात एस. डिलन रिपली यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

कडी घालण्याच्या कामातही खरी किंमत वहीचीच, बरं का. कड्यावर फक्त क्रमांक आणि पत्ता असतो. तो पक्षी हजारो किलोमीटरवर सापडला, पण कडं कुठे आणि कधी घातलं ही ओळ वहीत नसेल, तर ते कडं म्हणजे धातूचा नुसता तुकडा.

खानदेशातला रान पिंगळा

आता आपल्या भागाकडे येऊ. रान पिंगळा हे एक छोटं घुबड. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. एकोणिसाव्या शतकात त्याचे सातच नमुने जमा झाले. त्यांतले बरेचसे खानदेशातले. इथे सरकारी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी ते मिळवले आणि चिठ्ठ्या लावून ठेवले. १८८४ नंतर हा पक्षी कुणालाच खात्रीने दिसला नाही.

अपवाद एकच सांगितला जात होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात एक रान पिंगळा होता. तो १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला, अशी चिठ्ठी त्याला होती. याच माइनर्ट्झहागेनसोबत सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? पक्षी १९१४ पर्यंत मांडवीकडे होता असं सगळे धरून चालले, आणि त्या आधारावर तिकडे केलेल्या शोधातून काही हाती लागलं नाही.

सलीम अली २० जून १९८७ रोजी वारले. त्यानंतर १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने माइनर्ट्झहागेनचे नमुने बारकाईने तपासले आणि खोटेपणा बाहेर आला. तो रान पिंगळा मुळात डेव्हिडसन यांचा होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती!

रासमुसेन यांनी मग ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधायच्या ठरवल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात आले. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. तिथे भर उजेडात त्यांना रान पिंगळा दिसला. नामशेष झाला असावा अशी भीती असलेला पक्षी ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, आणि तो सापडला आपल्या खानदेशात.

विचार करा. डेव्हिडसन यांची खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही माणसांना योग्य रानात घेऊन आली. माइनर्ट्झहागेनची खोटी चिठ्ठी दिसायला तेवढीच नीटनेटकी होती, पण तिने चांगल्या चांगल्यांना चुकीच्या वाटेला लावलं.

मग जर्नल पूर्ण केव्हा म्हणायचं?

जिच्यावर विसंबून दुसरा कुणी योग्य जागी पोचू शकतो, ती वही पूर्ण. मुलांच्या जर्नलला हीच कसोटी लावता येईल. त्यासाठी एवढं पाहावं:

१. तारीख, वेळ आणि जागा प्रयोगाच्या दिवशीच लिहावी. पान तुळशीचं की केळीचं, ते कुठून आणलं, हेही लिहावं.

२. आकड्यांत लिहावं. हरभऱ्याचे बरेच दाणे उगवले असं न लिहिता २० पैकी १७ उगवले, असं लिहावं. न उगवलेले ३ लपवू नयेत.

३. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवावं. पान पिवळं पडलं हे निरीक्षण. पाणी जास्त झालं असावं हा अंदाज. दोन्ही लिहावं, पण वेगवेगळ्या ओळीत.

४. आकृती जे दिसलं त्याची काढावी. स्लाइडमध्ये हवेचा बुडबुडा आला तर तो दाखवावा आणि तसं नावही द्यावं.

५. चुकलेलं खोडू नये. एक रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रयोग फसला तर फसला असं लिहावं, कारणाचा अंदाज द्यावा.

आता आपल्या बाजूचं बोलू. मुलं वही उतरवतात कारण आपण सुबकपणाला गुण देतो. २० पैकी २० दाणे उगवलेली वही आपल्याला आवडते आणि १७ लिहिणाऱ्याला आपण विचारतो, बाकीचे ३ का नाही उगवले? विचारावं जरूर, पण उत्सुकतेने, जाब विचारल्यासारखं नाही. फसलेल्या प्रयोगाच्या प्रामाणिक पानाला पूर्ण गुण एकदा देऊन बघा. सही करताना एखादं पान उघडून, हे तू कधी पाहिलंस, एवढं एकदा विचारून बघा. आणि पालकांनी वही शेजाऱ्याकडून आणून देण्याऐवजी मुलासोबत दहा मिनिटं अंगणातलं एक घरटं किंवा कुंडीतलं एक रोप बघावं आणि त्यालाच ते लिहू द्यावं.

सगळी मुलं सलीम अली होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. यातलं कुणी उद्या दवाखान्यात रुग्णाचा कागद भरेल, कुणी माती परीक्षणाचा अहवाल लिहील, कुणी औषधाच्या कारखान्यात नोंदी ठेवील. तिथे कुणीतरी त्यांच्या एका ओळीवर विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकणार आहे. ती ओळ खरी असण्याची सवय अकरावीच्या जर्नलमध्येच लागते.